आमची वाटचाल : दुरुस्तीच्या कामापासून स्वतःच्या बुटांपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती बूटदुरुस्तीपासून. सोल बदलणं, टाचा लावणं, उसवलेलं शिवणं. या कामात बूट आतून दिसतो. चकचकीत बुटाच्या तळाशी कधी पुठ्ठा आणि नुसता डिंक निघायचा, तर वर्षानुवर्षं वापरलेला एखादा बूट सोल पार झिजूनही वरून ठणठणीत असायचा. असे टिकलेले बूट बहुतेक वेल्ट शिवणीचे असत. त्यात वरचं चामडं आणि इनसोल, म्हणजे बुटाचा आतला तळ, कडेच्या एका पट्टीला शिवतात, आणि सोल त्या पट्टीला वेगळ्या टाक्यांनी जोडतात. सोल झिजला की तेवढाच काढायचा, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. स्वतःचे बूट करायचे ठरवलं तेव्हा ही शिवण आधी पक्की झाली.

मग चामडं. आम्ही फुल ग्रेनच घेतो, म्हणजे वरचा थर न घासलेलं. त्यावर रोमछिद्रं दिसतात, क्वचित जुना ओरखडाही. गिऱ्हाईक त्याला डाग समजतं, म्हणून आम्ही समजावून सांगतो. घासून, वर जाड रंग चढवून एकसारखं केलेलं चामडं नवं असताना देखणं दिसतं, पण घडी पडते तिथे तो रंगाचा थर तडकतो. माल घेताना आम्ही चामडं बोटांनी आतल्या बाजूला दुमडून पाहतो. बारीक सुरकुत्या आल्या तर ठीक. मोठी, सैल, फुगीर घडी आली तर तो तुकडा बहुधा पोटाकडचा. बुटाच्या पुढच्या भागाला तो चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मापावर गेला, आणि तो योग्यच ठिकाणी गेला असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोन्ही पायांचं माप घेतो, उभं करून, शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. लांबीइतकंच टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर पाहतो. दोघांचे पाय सारख्याच लांबीचे असले तरी एकाची बोटं लांब असतात, दुसऱ्याची आखूड. पाय जिथे वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे, नाहीतर घडी बोटांवर रुतते. रुंद पायाची माणसं सर्रास एक नंबर मोठा घेतात आणि मग टाच सुटते. म्हणून नवी डिझाइनं काढण्याआधी आम्ही प्रत्येक नंबरात रुंदीचे साचे वाढवले. खर्च बराच झाला, तरी आधी हेच करायचं होतं. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाणं चालतं, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. चामडं रुंदीत थोडं सैलावतं. लांबीत कमी पडलेला बूट मात्र पायाला कधीच होत नाही.

डिझाइनं मोजकीच आहेत. डर्बी पद्धतीच्या नाडीचा बूट बहुतेकांना बसतो, कारण त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या उघडतात. चेल्सी, म्हणजे बाजूला इलॅस्टिक असलेला घोट्यापर्यंतचा बूट, दिसतो सुंदर, पण त्याला नाडी नसल्याने नंतर आवळता-सैल करता येत नाही. पावलाचा उंचवटा जास्त असेल तर आम्ही स्पष्टपणे ‘हा घेऊ नका’ सांगतो. अशा पावलांसाठी चेल्सीचा वेगळा साचा सध्या घडवतोय. बाजूचं इलॅस्टिक किती रुंद ठेवायचं, तेवढं ठरायचं आहे.