गाडीच वळली

आईबापांनी पोरांना हाताशी घेऊन जुनी गाडी बांधायची, हे खूळ पुण्यात अलीकडे बरंच वाढलंय. मोबाईलवर व्हिडिओ बघतात, एखाद-दुसरा रविवार हात काळे करतात, फोटो काढतात आणि मग “मिस्त्री, आता तुम्हीच बघा” म्हणून गाडी माझ्या दारात सोडून गायब होतात. माझ्या शेडमागे अशा दोन जीपा आणि एक येझदी आजही ऊन खात पडल्यात. त्यामुळे एक गृहस्थ दहावीतल्या मुलीला घेऊन आले आणि “वडिलांची टाटामोबाईल पिकअप आहे, काम आम्ही दोघं करू, तुम्ही फक्त जागा द्या आणि चुकलं तर ओरडा” म्हणाले, तेव्हा त्यांना कटवायला म्हणून मी जागेचं भाडं जरा चढंच सांगितलं. ते कबूल झाले. मग काय करता.

गाडी सासवडच्या पुढे एका गावात चिंचेखाली बरीच वर्षं उभी होती. टोचन लावून दिवे घाटातून आणतो म्हणत होते. ब्रेक नसलेली गाडी टोचनवर घाट उतरवायची नसते, हे शिकल्यासवरल्या माणसालाही सांगावं लागतं. शेवटी क्रेन पाठवली. केबिनमध्ये कोंबड्यांची पिसं, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, मागच्या माल भरायच्या हौद्याच्या पत्र्यातून बोट आरपार. मुलीचे आजोबा या गाडीत अंजीर आणि सीताफळं भरून मार्केट यार्डला पाठवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि गाडी भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा ही पोरगी आडवी आली म्हणे.

लोकांना वाटतं जुनी गाडी बांधणं म्हणजे इंजिन बांधणं. इंजिन हा सगळ्यात सोपा भाग. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, टाटामोबाईल २०६ आणली १९८८ साली. लोक सरसकट सगळ्यांनाच २०७ म्हणतात, ती गोष्ट वेगळी. तिचं इंजिन ४८३. नावातच सगळं आहे, चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० ची. मी एवढंच सांगितलं तर पोरीने वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करून १९४८ सीसी काढून दाखवले. पुढे १९९४ साली सुमो आली तीही याच इंजिनावर, म्हणून नाना पेठेत आजसुद्धा याचे पार्ट मिळतात. अस्सल कुठला आणि डबी तेवढी अस्सल कुठली, हे मात्र ओळखता आलं पाहिजे. क्रँक घासून वीस थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेला, नोझल पंपवाल्याकडून तपासून आले, हेड फेसिंगला गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मुलीबद्दल मात्र सांगतो. माझ्याकडे डिप्लोमाची पोरं शिकायला येतात, त्यांच्यापेक्षा तिच्या हाताला वळण जास्त. बोल्ट काढला की कुठला, किती लांब, वॉशर होता का, सगळं वहीत. टॉर्क पाना ‘टक्’ वाजला की थांबायची, वर अजून एक झटका देण्याची खोड तिला नव्हती. माझ्या फिटरला ती आजही आहे. वडील बिचारे पाना हातात धरून उभे राहायचे, पण त्यांचं अर्धं लक्ष क्लासच्या वेळापत्रकात. शनिवारची टेस्ट बुडली की रविवारी बापलेकीत बोलणं नाही, फक्त “तेरा नंबर दे”, “हा घे”.

आता चासीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब दांड्या, कापून बघितल्या तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या. उभा भाग म्हणजे पोट, आणि वरखालच्या दोन कडा. हौद्यात माल पडला की दांडी वाकते आणि सगळा ताण जातो कडांवर, पोटावर कमी. म्हणून कडेला भोक पाडायचं नाही आणि कडेवर आडवं वेल्डिंग तर मुळीच मारायचं नाही. पट्टी मारायचीच तर पोटावर, तीही दोन्ही टोकं तिरकी कापून, म्हणजे ताण एकाच रेषेवर तुटून पडत नाही. भेग दिसली तर आधी तिच्या टोकाला बारीक भोक, म्हणजे ती पुढे पळत नाही, मग खाच पाडून भरायची. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. पण हायवेच्या कडेला वेल्डिंगवाल्याकडे चौकोनी पट्टी कापून तयार असते आणि गाडीवाल्याला रात्रीची खेप गाठायची असते. “पट्टीवर पट्टी मारा, पासिंगला कोण वाकून बघतंय,” हे माझा स्वतःचा फिटर म्हणतो. या एका वाक्यावर रस्त्यावरच्या निम्म्या मालगाड्या चालल्यात.

त्या रविवारी हौदा उतरवला होता. चासीला वरपासून खालपर्यंत चांदी रंग. मागच्या पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, पुढचा हँगर जिथे दांडीला बसतो, तिथे एक भलीमोठी चौकोनी पट्टी. मुलगी वायर ब्रशने घासत होती. मी तिला भेग कशी शोधायची ते दाखवलं. यंत्रबिंत्र काही लागत नाही. जागा लख्ख घासायची, रॉकेल फासायचं (आता रॉकेल कुठलं मिळायला, पातळ डिझेल चालतं), जरा वेळ मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने पार पुसून काढायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. लोखंड सलग असेल तर पूड पांढरीच राहते. भेग असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

उमटली. पट्टीच्या कडेखालून निघाली आणि केसासारखी बारीक वर चढत गेली. “काका, ही बघा, वाढतेय!” पोरगी एवढ्याने ओरडली की शेजारचा पंक्चरवाला धावत आला.

ग्राइंडरने पट्टीचं वेल्डिंग कापलं, छिन्नी घालून पट्टी उचलली. खाली दुसरी पट्टी. आधीची, लहान, काळी. कंपनीचा काळा रंग फवारलेला असतो, यावर ब्रशचे ओरखडे दिसत होते, म्हणजे कोणीतरी पट्टी मारून हाताने रंगवलेली. टोकं सरळ कापलेली, वेल्डिंग कडेवरून आडवं नेलेलं. आणि जिथे वेल्डिंग संपतं बरोबर तिथूनच भेग सुरू. शिकवायला याहून चांगला नमुना मिळाला नसता, म्हणून मी उत्साहाने समजावून सांगत होतो.

वडील वाकून बघत होते. म्हणाले, “हा चांदी रंग मी मारलाय. दहावीच्या सुट्टीत. अपघातानंतर बाबांनी सगळी गाडी रंगवून घेतली, तेव्हा चासी माझ्याकडे होती.”

अपघाताचं मला तेव्हाच कळलं. सीताफळांनी भरलेली गाडी पहाटे दिवे घाट उतरताना डोंगराच्या अंगाला जाऊन धडकली. ड्रायव्हर गावातलाच, घरच्यासारखा. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. तो एकच सांगायचा, “मी स्टेअरिंग सरळ धरलं होतं. गाडीच वळली.” कोण ऐकणार? झोप लागली असणार, नाहीतर घेतली असणार. आजोबांनी त्याला काढलं, राहिलेला पगार दुरुस्तीत वळता केला. गावात परत कोणी त्याच्या हातात गाडी दिली नाही, मग तो दुसऱ्यांच्या रानात मजुरीला गेला. आणि या घरात त्याची म्हण झाली. ताट सांडलं, काच फुटली, मार्क कमी पडले, की “मी काय करू, गाडीच वळली.” पोरगीसुद्धा लहानपणापासून तेच म्हणत आलेली. माझ्याकडेही एकदा सॉकेट खाली पाडून म्हणाली होती, मला तेव्हा संदर्भ कळला नव्हता.

तिने ब्रश खाली ठेवला. “काका, हा हँगर सुटला तर काय होतं?”

प्रश्न धंद्यातला होता, मी धंद्यातलं उत्तर दिलं. या गाडीत मागचा एक्सल पाट्यांनीच जागेवर धरलेला असतो, दुसरं काही नाही. पाट्याचा पुढचा टोक-हँगर दांडीवरून हलला की उतारावर ब्रेक मारताना त्या बाजूचं चाक मागे खेचलं जातं. एक्सल तिरका होतो. मागची चाकं एकीकडे चालायला लागतात आणि गाडीचं नाक दुसरीकडे फिरतं. स्टेअरिंग सरळ असलं तरी.

“म्हणजे गाडी खरंच वळली.”

फिटर, तोंडाचा एवढा फाटका माणूस, तोही गप्प. वडील म्हणाले, “बाबांना माहीत नसेल गं.” त्यावर ती काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “मग ही कोणी मारली? तुमच्या रंगाच्या खाली आहे ही.” वडील चहा सांगून येतो म्हणून गेले. चहा सांगायला फोन आहे, पोऱ्या आहे. ते स्वतः गेले.

तिथला कडेचा तुकडा कापूनच काढावा लागला, एवढा तो कामातून गेला होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो डिझेलमध्ये धुतला, भेग उघडली आणि दिव्याखाली धरला. गॅरेज टाकण्याआधी मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो, तुटलेलं लोखंड वाचायची सवय तिथली. धक्क्याने एका फटक्यात तुटलेलं लोखंड खरबरीत, दाणेदार दिसतं. हळूहळू थकून तुटलेलं गुळगुळीत असतं आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा असतात. इथे निम्म्याहून जास्त भाग गंजाने खाल्लेला, पण पट्टीखाली ग्रीस मुरल्यामुळे एका कोपऱ्यात रेषा स्वच्छ राहिल्या होत्या. म्हणजे भेग एका दिवसात पडलेली नाही.

इथेच माझं घोडं अडलंय. भेग हळूहळू वाढली हे नक्की. कधी वाढली, हे लोखंड सांगत नाही. अपघाताआधी काळ्या पट्टीच्या टोकाशी वाढत गेली आणि घाटात तिने दगा दिला, असं असू शकतं. पण गाडी अपघातानंतरही बरीच वर्षं माल वाहत होती. ड्रायव्हर खरंच डुलकी लागून धडकला असेल आणि भेग नंतर मोठ्या पट्टीखाली वाढली असेल, हेही असू शकतं. मग मोठी पट्टी नेमकी तिथेच का मारली, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण चासीचं काम काढलं की गाडीवाले घाबरून चार ठिकाणी उगाच पट्ट्या मारून घेतात, हेही रोज बघतोय. माझं मन पहिल्या बाजूला झुकतं. शपथेवर सांग म्हणाल तर सांगणार नाही.

पुढच्या रविवारी दोघांना हे दोन्ही बाजूंनी सांगितलं. वडिलांनी दुसरी बाजू लगेच उचलली. “म्हणजे नक्की काहीच नाही ना.” मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “काका, तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना.” मी म्हटलं, “बाळा, माझ्या वाटण्यावर कोणाचा न्याय होत नाही.” वडिलांनी मला बाजूला घेऊन बिलावर फक्त ‘चासी वेल्डिंग’ एवढंच लिहायला सांगितलं. मी तेवढंच लिहिलं, कारण बिलावर मी नेहमी तेवढंच लिहितो.

चासीचं काम झालंय. पट्टी पोटावर, टोकं तिरकी. हँगरचे बोल्ट मुलीने स्वतः आवळलेत. आता ब्रेकचे पाइप आणि व्हील सिलिंडर राहिलेत, मग हौदा. वडील हल्ली तिला सोडून जातात आणि संध्याकाळी न्यायला येतात.

काल रात्री तिचा मेसेज आला. “काका, तो तुकडा शनिवारी घेऊन जाऊ का? पप्पा म्हणाले तुमच्याकडेच असू दे. पण मला त्या ड्रायव्हर आजोबांना दाखवायचाय. ते आहेत अजून गावात, मी विचारून घेतलंय.”

तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडी वडिलांच्या नावावर, म्हणजे हिशोबाने तो त्यांचा. शोधून काढला मात्र तिने. आणि द्यायचा झाला तर सोबत काय सांगून पाठवू? एवढी वर्षं ज्याचं कोणी ऐकलं नाही त्याच्यासमोर ही पोर तो तुकडा धरणार, तो विचारणार, “मिस्त्री काय म्हणाला?” आणि ही सांगणार, “काका म्हणाले, नक्की नाही”? की मीच तिच्याबरोबर जाऊन खडू आणि डिझेल घेऊन बसू? वडिलांना न विचारता जाणं बरं नाही, विचारलं तर ते नाही म्हणणार.

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवार परवा आहे.