३.८७९०२ इंचांचा मुलगा

कॉपीराइट केव्हाच संपलेलं पुस्तक, म्हणून नेटवरून उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून चार प्रती स्पायरल करून घेतल्या. त्यानं विचारलं, "ताई, कुठल्या परीक्षेचं?" म्हटलं, "लहान मुलांची गोष्ट आहे." त्यानं गठ्ठा हातात तोलून पाहिला. "एवढी?"

पंचवटीत आमच्या घरी दर शनिवारी चार-पाच जणांची वाचनाची बैठक असते. यावेळी 'द वॉटर बेबीज' मीच सुचवलं होतं. चार्ल्स किंग्जली या इंग्रज पाद्र्यानं आपल्या धाकट्या मुलासाठी लिहिलेली परीकथा, १८६३ सालची. लहानपणी मी तिची पातळशी सचित्र आवृत्ती वाचली होती. धुराड्यात चढून काजळी झाडणारा टॉम, त्याचा दारुडा मालक ग्राइम्स, टॉम नदीत उतरतो आणि त्याचं जलबाळ होतं. मग मासे, शिंपले, पऱ्या. मनात तेवढंच राहिलं होतं. मूळ पुस्तक भलतंच निघालं, आणि पुढचे तीन शनिवार बोलणी मी खाल्ली.

बोलणी पहिल्यांदा सुनेकडून. "आई, तो मुलगा मरतो," ती म्हणाली. "ताप चढलेलं पोर 'मला स्वच्छ व्हायचंय' म्हणत पाण्यात शिरतं, आणि लेखक सांगतो की तो जलबाळ झाला. ही गोष्ट मी माझ्या लेकराला झोपताना वाचून दाखवू?" लेखक म्हणतो की लोकांना सापडली ती नुसती काळी साल, टॉम आतून केव्हाच सुटला होता. त्याची लांबीही देतो, ३.८७९०२ इंच! दशांशचिन्हापुढे पाच आकडे. मला हसू आलं, सुनेला नाही आलं.

शेजारच्या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना पुस्तक मनापासून आवडलं. "अगं, हे कीर्तन आहे," त्या म्हणाल्या. "बुवा मधेच विषय सोडून भलतीकडे जातात, कोणाला टोमणे मारतात, पुन्हा आख्यानावर येतात." खरं आहे. फरक एवढाच की किंग्जलीबुवा आख्यानावर यायला फार वेळ लावतात. त्या काळी ओवेन आणि हक्सली या दोन शास्त्रज्ञांचं माणसाचा मेंदू माकडाहून वेगळा आहे की नाही यावरून भांडण जुंपलं होतं; मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाऐवजी हा पठ्ठ्या हिप्पोपोटॅमस लिहून मोकळा होतो. डार्विनच्या बाजूचा पाद्री, तेही त्याच्या ग्रंथानंतर चारच वर्षांनी! भाऊजी एवढ्यावर खूश.

पण आयरिश लोकांबद्दल तो जे लिहितो, ते मी मोठ्यानं वाचत होते आणि मधेच थांबले. खोटारडे, भांडखोर, वगैरे. तळतळून नाही, गंमतीगंमतीत लिहिलंय, म्हणून जास्त लागतं. कोणी म्हणालं, तो काळच तसा होता. असेल. धुराड्यात पोरं चढवण्याचाही काळ तोच होता, आणि ते त्याला खटकलंच की. इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना धुराड्यात चढवायचं नाही असा कायदा १८४० साली झाला, आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं त्याच साली. कोणी पाळला नाही. पुस्तक आल्यावर वर्षभरात, १८६४ साली, आणखी एक कायदा आला, पण प्रथा खरी मोडली ती १८७५च्या कायद्यानं. तेव्हा डोळे उघडे होते त्याचे, फक्त सगळीकडे नाही.

दहावीतली भाची सहज म्हणून येऊन बसली होती. तिला यातलं काहीच लागलं नाही. तिनं मधलं एक बेट पकडलं. तिथली मुलं अभ्यास करकरून नुसती डोकी झाली आहेत. सलगम, मुळे, बीट. परीक्षक येणार, परीक्षक येणार म्हणून रडतात, आणि टॉमला भराभर प्रश्न विचारतात. तिनं ती दोन पानं फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकली. "मावशी, एकशेसाठ वर्षांपूर्वी यांना आमच्या बॅचबद्दल कसं कळलं?" तिला सगळ्यात आवडली ती काठीवाली परी, इंग्रजी नाव लांबलचक, भाचीनं 'करावे-तसे-भरावे मावशी' केलं. टॉम समुद्रफुलांच्या, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवांच्या, तोंडात खडे घालायचा, तर मावशी सगळ्यांना खाऊ देते आणि त्याच्या तोंडात खडा घालते. मुलांना औषधं पाजून पाजून हैराण करणाऱ्या डॉक्टरांचीही तिच्याकडून सुटका नाही. भाची म्हणाली, हीच खरी हिरॉइन.

म्हणजे प्रत्येकाला काहीतरी कापायचं होतं. सुनेला मरण, मला आयरिश, भाऊजींना प्रवचन, काकूंना माकडं. सगळ्यांचं ऐकलं तर उरतं माझं लहानपणचं पातळ पुस्तक.

मला स्वतःला टोचतो तो आरसा. धुराडं चुकून टॉम एका श्रीमंत मुलीच्या खोलीत उतरतो, तिथे आरशात एक काळं माकडासारखं पोर दिसतं आणि त्याला कळतं की हा आपणच. लाज त्याला वाटते. अरे, काजळी साहेबाच्या घरची, कमाई ग्राइम्सची, आणि शरम पोरानं बाळगायची? बरीच पानं मी या रागातच वाचली. ग्राइम्सला शेवटी धुराड्यात अडकवून ठेवलंय आणि आईच्या आठवणीनं रडल्यावर त्याच्याच आसवांनी काजळी धुतली जाते, हे वाचलं तेव्हा थोडी निवळले. थोडीच.

मग ती गटारांची जागा आली. माणसं जिथे घाण समुद्रात सोडतात तिथे जलबाळं फिरकत नाहीत, कधीकधी शेकडो वर्षं. किंग्जली पटकीच्या साथीत लंडनच्या वस्त्यांमध्ये शुद्ध पाण्यासाठी धडपडलेला माणूस. त्याच्या लेखी स्वच्छता म्हणजे खरंखुरं पाणी. भाचीनं वर पाहिलं. "मग आपल्या गंगेत?" आमच्या इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. कोणी काही बोललं नाही. पाणवेली सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

रविवारी तिला घेऊन घाटावर गेले. धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं, ज्याच्यावरून इथे पुराचं पाणी मोजतात तो दुतोंड्या मारुती पायापर्यंत कोरडा. रामकुंडात पोरं दोरीला चुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढत होती. त्यातलं एक सात-आठ वर्षांचं, हडकुळं, दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन सरळ आत शिरलं. भाची आकडे मोजायला लागली. बाविसावर ते पार पलीकडच्या पायरीशी वर आलं, दातात दहाचं नाणं धरून, आणि आमच्याकडे बघून म्हणालं, "ताई, अजून टाका ना."