खानापूर तालुक्यात (बेळगाव, कर्नाटक) होम लोन, एजंट आणि तो कंप्युटर उतारा : माझा अनुभव

गावठाणातलं एक जुनं घर विकत घ्यायचं ठरलं. मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, पगार बँकेत येतो, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला, म्हणून सगळे म्हणत होते लोन लगेच होतंय. बेळगावातल्या एका एजंटाकडं फाईल दिली आणि पुढं दोन महिने फोन केला की एकच उत्तर, "होतंय की ओ सर, फाईल लीगलला आहे." शेवटी रजा टाकून मीच बँकेत गेलो. बँकेच्या वकिलानं पहिल्याच आठवड्यात लिहून दिलेलं की हातानं लिहिलेला उतारा चालणार नाही, कंप्युटर उतारा, म्हणजे पंचायतीचं ई-खातं, पाहिजे! ई-खात्याशिवाय खरेदीच नोंद होत नाही, हे एजंटाला माहीत नको? तोवर घरमालकाकडं दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलेलं. अजून आठवलं की राग येतो.

मग सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेरच्या बाँड रायटरला (दस्त लिहून देणाऱ्याला) विचारलं, पंचायतीतल्या घरांची लोनं इथं कोण करतं? त्यानं सांगितलेल्या माणसानं माझी पगाराची स्लिप बाजूला ठेवली आणि आधी उतारा मागितला. पाच मिनिटांत म्हणाला, "फॉर्म नऊ आणि अकरा-अ, म्हणजे नियमात बसणाऱ्या घराचे कंप्युटर उतारे, काढून आणा, मग बोलू. अकरा-ब, म्हणजे नियमात न बसणाऱ्या घराचा, आला तर बँका सहसा हात लावत नाहीत." एजंट असा बघा.

आणि मग पंचायत. पीडीओंकडं (पंचायतीच्या अधिकाऱ्याकडं) दोन गावांचा चार्ज, म्हणजे आठवड्यातले दोनच दिवस सापडणार, त्यात एकदा सर्वर डाऊन, एकदा मोजणीचा नकाशा आला नाही, एकदा मालकाचा फोटो परत पाहिजे म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून नेलं तर साहेब मीटिंगला. जुन्या उताऱ्यावर मालकाचं आणि वडिलांचं नाव, आडनावच नाही, आधारवर आडनाव आहे. दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून अफिडेविट करून दिलं, तर पुढच्या खेपेला ते फाईलीत सापडेना. सात खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला माझा एक खाडा. उतारा येतो कन्नडात आणि मला वाचता येत नाही, म्हणून मंजूर व्हायच्या आधी कच्ची प्रिंट मागून घेतली आणि शेजारची शाळेतली पोरगी वाचायला बसवली. तिनं घराच्या हद्दीत पूर्व-पश्चिम उलटी पडलेली पकडली. ती चूक तशीच गेली असती तर आणखी एक महिना.

कावेरी या सरकारी नोंदणी वेबसाइटवरचा ईसी (घरावर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) ऑनलाइन निघाला, त्यात काही त्रास नाही.

हो, एक राहिलं, पहिल्या एजंटानं मला न विचारता तीन बँकांत अर्ज टाकलेले, त्या चौकशा सिबिलवर दिसतात, तेव्हा सही करताना कुठल्या बँकेसाठी ते बघा. एजंटाला कमिशन बँक देते, आगाऊ पैसे मागितले तर उठून या. प्रोसेसिंग फी थेट बँकेच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात पण स्टॅम्प ड्युटी सहसा वेगळी, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

फॉर्म हातात आल्यावर अठराव्या दिवशी सँक्शन लेटर मिळालं. मालकांनी तोवर थांबून घर मलाच दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.