दहा रुपयांचं रबर

‘घरबसल्या बरं आहे की तुमचं, वेळ जातो,’ असं कुणी म्हटलं की हल्ली मी नुसती हसते. वेळ घालवायला कुणी मे महिन्यात पंखा बंद करून, मेणबत्तीवर रिबिनीच्या कडा भाजत बसत नाही. पंखा लावला की ज्योत हलते, ज्योत हलली की पांढऱ्या सॅटिनवर काळा डाग पडतो आणि दुकानदार तेवढाच डझन बाजूला काढतो.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. केसांना लावायच्या वस्तू बनवायचा हा धंदा २०११ साली शाळेच्या लाल आणि निळ्या रिबिनींपासून सुरू केला. मग फुलं, बो, टिकटिक पिना, कापडी रबरं (पोरी त्याला स्क्रंची म्हणतात), गौरीच्या वेण्या असं वाढत गेलं. आजूबाजूच्या चारपाच बायका नगावर शिवून द्यायच्या. ती वर्षं बरी गेली.

हत्यारं म्हणाल तर मिस्टरांच्या आईचं पायमशीन, ग्लू गन, काच आणि सोल्डरिंग गन. ही शेवटची जोडी फार कामाची. रिबीन काचेवर ठेवायची, पोलादी पट्टी धरायची आणि तापलेलं टोक ओढायचं. कापणं आणि कड बंद करणं एकदमच होतं. हे फक्त पॉलिएस्टरला चालतं. सुती फीत जळते, वितळत नाही. पण माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे छत्रीची काडी. रबराची नळी शिवून झाली की ती उलटायची असते. बाजारात त्यासाठी काय काय मिळतं, पण मोडक्या छत्रीची काडी टोकाला वाकवून घेतली तर नळी सर्रकन उलटते. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून चार इंच रुंद, बावीस इंच लांब अशा अठरा पट्ट्या निघतात. इचलकरंजीचं कटपीस मिळालं तर हिशेब बसतो, नाहीतर दहा रुपयांच्या रबरात उरतं काय?

आणि इलॅस्टिकला गाठ मारायची नाही. हे मी प्रत्येक नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगते. दोन टोकं अर्धा इंच एकावर एक ठेवून झिगझॅग शिलाई घालायची. गाठ आठवड्यात सुटते आणि केसात टोचते ती वेगळीच.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते हरभट रोडवरच्या काकांनी. त्यांचं कटलरीचं दुकान, समोरून जेमतेम सहा फूट. मी पहिल्यांदा पिशवी घेऊन गेले तेव्हा त्यांनी डझनातलं एक रबर उचललं, मुठीवर चढवलं, दोनचारदा ताणलं आणि कापडावरून बोट फिरवत शिलाई शोधली. ‘गाठ नाही होय?’ एवढंच म्हणाले आणि सगळी पिशवी ठेवून घेतली. पुढे दर खेपेला तीच परीक्षा, अगदी वर्षानुवर्षांच्या ओळखीनंतरसुद्धा. मला त्याचा कधी राग आला नाही. पैसे रोख, नाहीतर महिन्याच्या आत, लाल वहीत मांडून. ‘विकलं गेलं तर देतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. नवीन धंदा करणाऱ्या मुलींना सांगते, हे वाक्य जो दुकानदार म्हणेल त्याच्याकडे एक डझनही ठेवू नका. माल उन्हात रंग उडेपर्यंत लटकतो आणि मग परत येतो.

आता २०१९. गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणजे आमचा सगळा हंगाम ऑगस्टमध्ये तयार होऊन घरात पडलेला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं खण त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर आणलं होतं. खणाचे स्क्रंची, खणाचे बो, गौरीच्या वेण्यांना खणाची पट्टी. पाणी यायला लागलं तेव्हा जुनी माणसं २००५ च्या पुराच्या खुणा दाखवत होती, ‘यापुढे येत नाही’ म्हणत होती. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन मिरजेला नणंदेकडे गेलो.

परत आल्यावर जे पाहिलं ते सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. खणाचा लाल रंग वेण्यांच्या पांढऱ्या फुलांत उतरला होता. इलॅस्टिकची रिळं चिकट झाली होती. टिकटिक पिना धुऊन वाळवल्या तरी चार दिवसांत गंजल्या, आणि गंजलेली पिन पोरीच्या केसात कोण घालणार! मोटरचं मशीन गेलं. पायमशीन मात्र रॉकेलनं पुसून, तेल घालून परत चालू झालं, आजही चालतं. मदतीच्या यादीत घर होतं, धंदा नव्हता. दुकान असेल तर व्यापारी, कारखाना असेल तर उद्योजक. आमचा माल माजघरात, म्हणून तो घरसामानात धरला.

तरी पुरानं बुडवलं असं मी म्हणत नाही. बुडवलं ते दुसऱ्यानं.

पेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्यानं पुराच्या आधी, जुलैमध्ये, प्रत्येक प्रकारचे दोन-दोन नमुने मागून नेले होते. नमुने देणं ही पेठेची रीतच आहे, त्याशिवाय ऑर्डर येत नाही. दिवाळीसाठी मोठी ऑर्डर देतो म्हणाला. पूर ओसरला, आम्ही उसने पैसे घेऊन परत खण आणलं आणि फोन केला, तर ‘बघू, बाजार थंड आहे’. आणि दिवाळीत मारुती रोडवर बघते तर माझेच स्क्रंची! जोडाजवळ तोच सोनेरी मणी, तेच पिवळं कार्ड. कार्डावर माझ्या मुलीनं काढलेली कुयरी होती, तीही उचललेली, फक्त छापणाऱ्यानं उलटी छापली होती. कापड खण नव्हेच, खणासारखी छपाई केलेलं पॉलिएस्टर. आत इलॅस्टिकला गाठ. आमचा भाव डझनाला १४४, त्याचा ९०. गिऱ्हाईक कार्ड बघतं, आतली शिलाई कोण बघतंय?

तीन दुकानांनी आम्हाला सरळ नाही म्हटलं. चौथा म्हणाला, ‘ताई, तुम्ही पण त्याच भावात द्या की, तुमचं तर घरीच असतं.’ घरीच असतं म्हणजे काय? घरात वीज फुकट येते की बायकांची बोटं फुकट येतात? त्या व्यापाऱ्याला मी एकदा गाठलं. तो म्हणाला, ‘डिझाइनवर कुणाचं नाव असतं का?’ दुकानात चार माणसं होती, चौघेही हसले. हे मी विसरलेली नाही.

त्या दिवाळीत काकांकडे गेले ते माल न घेता. त्यांच्याही दुकानात कंबरेच्या वर पाणी होतं, अर्ध्या फळ्या नव्या, पॉलिशसुद्धा नाही. त्यांनी भिजून फुगलेली लाल वही काढली, पानं सोडवत सोडवत आमचं जुलैचं येणं शोधलं आणि तिथल्या तिथे दिलं. मग म्हणाले, ‘तो गाठीवाला माल माझ्याकडे पण आलाय दाखवायला. मुठीवर चढवला.’ पुढे काही बोलले नाहीत, पण पाडव्याला शंभर डझनांची ऑर्डर दिली. त्या पैशातून बायकांची मजुरी दिली.

मग २०२० आलं. नवीन भरलेलं इलॅस्टिक घरात होतं आणि बाजारात मिळेना, कारण सगळा देश मास्क शिवत होता. आम्हीही शिवले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, पण तोवर माल वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यात गेला होता. नदीकाठी राहून धंदा करणाऱ्यांनी कच्चा माल छातीच्या खाली ठेवूच नये, आणि पिनांचं खोकं तर नाहीच नाही.

मुलीला मोठ्या ऑनलाइन साइटवरून विकायचं होतं. पूर्वी त्यासाठी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान धंद्यांना ती अट राहिली नाही, म्हणून आता पुण्या-मुंबईची पार्सलं ती बघते. फोटो चांगले काढते. भाव मात्र मीच ठरवते, कारण ती चटकन सूट देऊन टाकते.

पिनेवर बो चिकटवणाऱ्यांना एक सांगून ठेवते. उघड्या लोखंडावर ग्लू धरत नाही. आधी पिनेला पातळ रिबीन गुंडाळा, मग बो लावा. आणि ग्लूचा माल उन्हात पत्र्याखाली ठेवू नका.

गेल्या महिन्यात त्याच व्यापाऱ्याचा माणूस घरी आला होता. छपाईचा माल आता पोरी घेत नाहीत म्हणे, खरं खण मागतात. दोनशे डझन पाहिजे होते, भाव काय लावाल? मी १८० सांगितला, निम्मे आगाऊ, आणि नमुना मिळणार नाही, बघायचं ते इथंच बसून बघा. तो ‘शेठना विचारून सांगतो’ म्हणाला. चहा पाजून पाठवला त्याला. शेठ अजून विचारच करताहेत.