टिक टिक पटपट वाजली की... आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानाची वाटचाल

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मेहुणा. सामान म्हणजे एक टेस्ट लॅम्प, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मागून आणलेला मल्टीमीटर. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरला चालू-बंद करून मिचकवणारा छोटा रिले, मात्र पत्र्याचा डबा भरून घेतलेले, कारण इंडिकेटरची तक्रार आली की फ्लॅशर बदलायचा हे डोक्यात फिट्ट बसलेलं. कधीकधी चालायचंही, म्हणून ती खोड लवकर सुटली नाही.

सुटली ती एका गाडीमुळे. डावा इंडिकेटर भराभर मिचकायचा, आम्ही फ्लॅशर बदलला, आठवड्यात गाडी परत. मग मागचा बल्ब बदलला, तरी परत. तिसऱ्यांदा आली तेव्हा मालक काही बोललाच नाही, नुसती चावी टेबलावर ठेवली, ते जास्त लागलं. संध्याकाळ होती म्हणून टेललाइट चालू होते, मेहुणा मागे उभा, मी ब्रेक दाबला, तर तो ओरडला, अरे ब्रेक दाबला की इंडिकेटरचा बल्ब मंद पेटतोय! आणि इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच्या तालावर कमी-जास्त. तिथे डोक्यात ट्यूब पेटली. अर्थिंग गेलं होतं. करंटला बॉडीवर उतरायचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो त्याच लॅम्पमधल्या शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या अर्थला लावली, तर बल्ब पेटला की काटा 3 व्होल्टच्या वर उडी मारायचा, चांगल्या अर्थिंगला तो 0.2 च्या आत राहायला हवा. टेललॅम्प खोलून बघतो तर अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला आणि खाली गंज धरलेला. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट परत कसला, वरून ग्रीस लावलं, झालं. त्या दिवशी पैसे मागायचं तोंड नव्हतं आम्हाला.

तेव्हापासून बोनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे असं ठरवलं. एकाच बाजूला पटपट मिचकतं का? मग त्या बाजूचा बल्ब, होल्डर नाहीतर अर्थ. मिचकण्याचा वेग मिनिटाला 60 ते 120 असला पाहिजे, त्यामुळे घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजायचं, अंदाजाने बोलायचं नाही. चारही लाइट एकदम लावले की नीट मिचकतात पण नुसता इंडिकेटर दोन्ही बाजूंना मेलेला? म्हणजे बल्ब आणि पुढच्या वायरी ठीक, मग इंडिकेटरचा फ्यूज, स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच बघा, आणि जुन्या गाड्यांत तर तो चार लाइटचा स्विचच, कारण बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंटही त्याच्यातून फिरून येतो. चारपाच वेळा दाब-सोड केल्यावर चालू झाला तर चोर सापडला.

बल्बाच्या तर काय काय तऱ्हा बघितल्या. नारिंगी 21 वॅटच्या बल्बाच्या पिना मुद्दाम समोरासमोर ठेवलेल्या नसतात, पांढरा तिथे बसू नये म्हणून, तरी कुणीतरी पिन कानशीने घासून तो बसवलेला असतोच.

मग एलईडीची लाट आली आणि आमचं काम वाढलं. साधा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला आणि तो पळत सुटतो. फ्लॅशरला करंट पुरेसा वाटावा म्हणून आम्ही एलईडीच्या जोडीला 6 ओहमचे रेझिस्टर लावायला लागलो. इंडिकेटर पेटला की असा रेझिस्टर 24 वॅटची उष्णता काढतो, हे कागदावर माहीत होतं, तरी आमच्याच हातून एक रेझिस्टर प्लास्टिकच्या बंपरला आतून चिकटवला गेला. बंपर विरघळून खड्डा पडला, तो आम्ही स्वतःच्या खिशातून भरून दिला. आता पत्र्यावर स्क्रूने बसवतो, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाला म्हणतो साधा बल्बच बरा.

नव्या गाड्यांनी तर आमची पार फजिती केली. एका गाडीत टिक टिक आवाजाच्या मागे कान लावून डॅशबोर्डखाली अर्धा दिवस रिले शोधला, शेवटी कळलं की आवाज डॅशबोर्डवरच्या स्पीडोमीटरच्या डब्यातल्या छोट्या स्पीकरचा, रिले असा वेगळा नाहीच, सगळं बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लाइटबिईट सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, करतं. त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेतला. इंडिकेटरची दांडी हलवली की मॉड्यूलला सिग्नल पोचतो की नाही ते स्क्रीनवर दिसतं, अर्धी शोधाशोध तिथेच संपते.

पण अर्धीच. परवा एका गाडीचा डिकीच्या दारावरचा इंडिकेटर दार उघडं असलं की मस्त चालायचा, बंद केलं की मेला, आणि आम्ही दोन दिवस दार उघडं ठेवूनच तपासत होतो! नवीन आलेल्या पोराने बिजागरीजवळचा रबरी पाइप सरकवला आणि एकेक वायर हलकी ओढली, त्यातली एक रबरासारखी ताणली. वरचं प्लास्टिक अख्खं, आतली तांब्याची तार तुटलेली, दार उघडलं की टोकाला टोक लागायचं. वायर हातात धरून तो आमच्याकडे बघायला लागला, आणि मेहुण्याने गुपचूप पायाने तो फ्लॅशरचा डबा टेबलाखाली सरकवला.