एसीएलमध्ये कोणती ओळ वर?

एसीएल (अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट) म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं आणि कोणतं अडवायचं, हे सांगणाऱ्या नियमांची यादी. ‘जास्त वापरला जाणारा नियम सगळ्यात वर ठेवा, स्विच वेगानं चालेल’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. सॉफ्टवेअरमध्ये एकेक ओळ तपासणाऱ्या जुन्या राउटरसाठी तो ठीक होता. स्विचमध्ये नियम टीकॅम या खास शोध-मेमरीत बसतात आणि पॅकेटची तुलना सगळ्या नोंदींशी एकदमच होते. जुळणारी ओळ पहिली असो वा दोनशेवी, वेळ तेवढाच. तेव्हा क्रम लावायचा तो अर्थासाठी.

पहिली जुळलेली ओळ निर्णय देते, खालच्या ओळींना कुणी विचारत नाही. समजा, १९२.१६८.१०.०/२४ मधल्या सगळ्यांना १९२.१६८.५०.०/२४ हे सर्व्हर नेटवर्क बंद करायचंय, फक्त १९२.१६८.१०.२५ या मशीनला १९२.१६८.५०.८ वरचा टीसीपी ४४३ (एचटीटीपीएसचा पोर्ट) हवाय. डिनाय (अडवणारी ओळ) १० नंबरवर आणि परमिट (सोडणारी ओळ) २० वर असेल, तर परमिट मेलाच. स्विच तक्रार करत नाही, ओळ कॉन्फिगमध्ये ऐटीत दिसत राहते. म्हणून अपवाद आधी, मोठी रेंज नंतर. आणि सगळ्यात खाली ‘परमिट आयपी एनी एनी’, नाहीतर यादीच्या शेवटी आपोआप असणारा, न दिसणारा डिनाय उरलेलं सगळं, अगदी इंटरनेटसुद्धा, अडवतो.

हाच डिनाय डीएचसीपीलाही (मशीनना आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) खातो. व्हीलॅन इंटरफेसवर (त्या नेटवर्कच्या स्विचमधल्या दारावर) ‘इन’ दिशेला एसीएल लावली, की नवीन मशीनचा पहिला पॅकेट ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ कडे, युडीपी ६८ वरून ६७ वर येतो. ‘परमिट’मध्ये सोर्स फक्त १९२.१६८.१०.० लिहिला असेल तर तो जुळतच नाही. लीज (ठरावीक मुदतीसाठी मिळालेला पत्ता) असलेली मशीन काही काळ चालत राहतात, त्यामुळे घोटाळा उशिरा उघड होतो.

सिस्को आयओएसवर नेम्ड (नाव दिलेल्या) एसीएलच्या ओळींना १०, २०, ३० असे नंबर मिळतात. मधे घालायची ओळ १५ नंबरनं लिहा. जागा संपली तर ‘रिसीक्वेन्स’ कमांडनं नंबर पुन्हा पाडा.

चालू एसीएल पुसून पुन्हा लिहू नका. इंटरफेसवर लावलेली पण रिकामी एसीएल सगळं सोडते. पहिली ओळ पडताक्षणी न दिसणारा डिनाय जागा होतो आणि त्या पहिल्या ओळीत तुमचं एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) बसत नसेल तर सेशन गेलं. नव्या नावानं यादी तयार करा, मग इंटरफेसवर नाव बदला. त्याआधी ‘रिलोड इन १०’ (दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग परत येतं) देऊन ठेवा, जमलं की ‘रिलोड कॅन्सल’. मधल्या वेळात कॉन्फिग सेव्ह केलं तर मात्र या जाळ्याचा उपयोग शून्य.

तपासताना हिट काउंटरवर (ओळ किती वेळा जुळली तो आकडा) विसंबू नका. बऱ्याच स्विचवर हार्डवेअरमध्ये जुळलेले पॅकेट ‘शो अ‍ॅक्सेस-लिस्ट’मध्ये मोजलेच जात नाहीत. परवानगी असलेल्या मशीनवरून ४४३ उघडून पाहा, मग शेजारच्या मशीनवरून तोच अडतो का ते पाहा.