वेळ आणि ठिकाण: पालिकेने आधी सांगावं, लष्कराने शेवटी

'मुसळधार पावसामुळे सखल भागांत पाणी साचले आहे. नागरिकांनी काळजी घ्यावी.' पावसाळ्यात सोशल मीडियावरच्या सरकारी हँडलवर अशा पोस्ट रोज दिसतात. कुठल्या भागात, किती वाजल्यापासून, हे त्यात नसतं. मग वाचणारा घरून निघायचं की नाही, हे कशावरून ठरवणार?

उपयोगी पोस्ट अशी असते: 'सोमवार 7 जुलै, सकाळी 10.15. अंधेरी सबवे 10.05 पासून वाहतुकीसाठी बंद. पर्याय: गोखले पूल. पुढची माहिती 10.45 ला. मदतीसाठी 1916.' पहिल्याच ओळीत वार, तारीख आणि वेळ हवी, कारण एक्स आणि फेसबुक पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवतीलच असं नाही. सकाळी बंद झालेला सबवे संध्याकाळीही लोकांच्या फोनवर बंदच दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या स्क्रीनशॉटला तर पुढच्या वर्षीही मरण नसतं. म्हणून चित्र टाकायचं तर तारीख चित्रातच छापायची, तीही कापता येणार नाही अशी मधोमध. 'पुढची माहिती 10.45 ला' लिहिलं, की 10.45 ला काही ना काही टाकावंच लागतं. परिस्थिती तशीच असेल तर 'अजून बंद' एवढं पुरे. चुकीची पोस्ट गुपचूप काढून टाकू नये. तिलाच जोडून दुरुस्ती द्यावी, कारण तिचे स्क्रीनशॉट आधीच फिरत असतात.

ठिकाणाबद्दलही तेच. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली आणि कुलाब्याला 73. 'मुंबईत इतका पाऊस' या वाक्याला तेव्हाही अर्थ नव्हता, आताही नाही. हवामान खात्याचा पहिल्या दिवसाचा इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 पर्यंतचा असतो आणि नाउकास्ट, म्हणजे तातडीचा अंदाज, जेमतेम 3 तासांचा. दोन्ही 'अलर्ट' म्हणूनच पुढे ढकलले जातात, त्यामुळे 'कधीपर्यंत' हे लिहायलाच हवं.

आता मराठीची अडचण. एक्सवर पैसे न भरणाऱ्या साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथे काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' हा शब्द सहा भरतो. मराठीत 280 म्हणजे साधारण 40 शब्द. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' यातच त्यातले पाच जातात, म्हणून ते आधी छाटायचं. परिपत्रकाचा फोटो टाकून काम संपत नाही. फोटोतला मजकूर शोधात सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफही तशीच कुचकामी. मूळ मजकूर युनिकोडमध्ये पोस्टमध्येच लिहावा, आणि चित्राच्या वर्णनासाठी मिळणारी 1000 अक्षरांची जागा वापरावी.

आणि लॉगिन! ते बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलला जोडलेलं असलं, की ऐन पुरात ओटीपी भलत्याच जिल्ह्यात वाजतो. कार्यालयाचा सरकारी ईमेल, किमान दोन जबाबदार माणसं, लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप आणि बॅकअप कोड कपाटात कुलूपबंद, एवढी तयारी मे महिन्यातच व्हायला हवी.

लष्कराकडे मात्र हे दोनच तपशील सर्वांत जास्त जपायचे असतात. मार्च 2010 मध्ये इस्रायलच्या एका सैनिकाने फेसबुकवर लिहिलं, की बुधवारी अमुक गावात कारवाई आणि गुरुवारी घरी. गाव आणि वार, दोन्ही जाहीर. कारवाई रद्द करावी लागली आणि तो तुरुंगात गेला. 2007 मध्ये इराकमधल्या अमेरिकी तळावर नवी अपाची हेलिकॉप्टर आली तेव्हा सैनिकांनी फोटो टाकले. फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले होते. त्यावरून झालेल्या उखळी तोफांच्या माऱ्यात चार हेलिकॉप्टर नष्ट झाली.

यातून शिकायचं ते असं. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते, आणि 'क्लिअर हवा' म्हणून लोक हमखास डॉक्युमेंटच पाठवतात. शिवाय माहिती पुसली तरी फोटो बोलतोच: मागची डोंगररांग, दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा क्रमांक, दंडावरचं तुकडीचं चिन्ह, गाडीची नंबरपाटी. फोन किंवा घड्याळ घेऊन धावलं तरी पाऊलखुणा राहतात. जानेवारी 2018 मध्ये धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या नकाशावर लष्करी तळांच्या कुंपणालगतच्या धावण्याच्या वाटा उजळलेल्या दिसल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, मोहिमेच्या भागात लोकेशन नोंदवणारी उपकरणं वापरायला मनाई केली. भारतीय लष्कराने जुलै 2020 मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढायला लावली. घरापासून लांब असलेल्या जवानाला ते जड गेलं असणार, तरी कारण खरं आहे.

लष्कराच्या अधिकृत हँडलचा शिरस्ता सरळ आहे: आधी काम, मग पोस्ट. 6-7 मे 2025 च्या मध्यरात्री ऑपरेशन सिंदूरची घोषणा हल्ले झाल्यावरच आली, नऊ ठिकाणांचा आकडाही तेव्हाच. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण वाहिन्यांना करता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यावी लागते. 26/11 ला थेट प्रक्षेपणाने काय केलं, हे मुंबईला वेगळं सांगायला नको.

हे दोन्ही नियम पुरात एकत्र येतात. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात एनडीआरएफसोबत (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) लष्कर आणि नौदलाच्याही बोटी होत्या. अशा वेळी बोट कुठल्या गावाला, कुठल्या शाळेपाशी येणार, हे जिल्हा प्रशासनाच्या हँडलने आधीच सांगायचं. लष्कराने फोटो नंतर टाकले तरी चालतात. अडकलेले लोक मात्र घाबरून पत्ता आणि फोन नंबर उघड्यावर लिहितात. त्यांना उत्तर देताना तो नंबर पुन्हा छापू नये, तपशील मेसेजमध्ये मागून घ्यावा, आणि सुटका झाली की 'सुरक्षित आहेत' असं लिहून मूळ पोस्ट काढायला सांगावं. नाहीतर तीच पोस्ट फिरत राहते आणि रिकाम्या घराकडे दुसरी बोट जाते.